‘काहीतरी असल्याशिवाय का बोलतात?’

प्रश्न : माझे सासरे, अण्णा, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. वाचन दांडगं, स्वभाव प्रेमळ. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेत त्यांची बरीचशी पुंजी बुडाली. तेव्हापासून ते रात्ररात्र मोबाइलवर व्हिडिओ बघत बसतात. जगातल्या सगळ्या बँका एका ज्यू घराण्याच्या आहेत, महायुद्धं त्यांनीच लावली, कोरोनाही त्यांनीच आणला, असं जेवताना सांगतात आणि घरच्या ग्रुपवर टाकतात. गेल्या आठवड्यात नववीतला माझा मुलगा म्हणाला, “हिटलरने उगाच नाही मारलं त्यांना.” अण्णा काहीच बोलले नाहीत. माझे यजमान म्हणतात, आपल्याकडे ज्यू आहेतच किती, एका फॉरवर्डने कुणाचं काय बिघडतंय? मला मात्र ते वाक्य डोक्यातून जात नाही. पण खरं सांगते, माझ्याही मनात येतं, इतक्या देशांत इतकी शतकं एकाच समाजाबद्दल बोललं जातंय, तर आगीशिवाय धूर कसा निघेल? अण्णांशी मी सून म्हणून कसं बोलू?
– एक सून, डोंबिवली

ताई,

तुमच्या मनातल्या शंकेपासूनच सुरुवात करते. ती तशीच ठेवून अण्णांशी बोलायला गेलात, तर त्यांच्या दुसऱ्या वाक्याला तुम्ही गप्प व्हाल. इतक्या ठिकाणी बोललं जातंय म्हणजे काहीतरी असणारच, असं वाटणं साहजिक आहे. पण या बाबतीत धूर कुणी केला, कुठे केला आणि त्यातून त्याला काय मिळालं, हे बऱ्याचदा नाव-गाव-सालासकट नोंदलेलं आहे.

इंग्लंडमध्ये नॉरिच नावाचं शहर आहे. ११४४ मध्ये तिथल्या रानात विल्यम नावाच्या बारा वर्षांच्या मुलाचं प्रेत सापडलं. खुनी कोण, हे कधीच सिद्ध झालं नाही. काही वर्षांनी थॉमस नावाचा एक ख्रिस्ती साधू तिथल्या मठात राहायला आला आणि त्याने ग्रंथ लिहिला की, ज्यूंनी धर्मविधी म्हणून या मुलाचा बळी दिला. खून झाला तेव्हा हा गृहस्थ त्या शहरात नव्हताच. पण नॉरिचच्या कॅथेड्रलला एक बालहुतात्मा मिळाला, त्याच्या थडग्यापाशी नवस आणि चमत्कार सुरू झाले. पुढे कथेला नवी शेपटी फुटली : ज्यू लोक सणाच्या भाकरीत ख्रिस्ती मुलांचं रक्त घालतात. ज्या धर्मात जनावराचंही रक्त निषिद्ध आहे, मीठ लावून रक्त काढून टाकल्याशिवाय मटण शिजवत नाहीत, त्या धर्माच्या माणसांवर हा आळ! आज इटलीत असलेल्या ट्रेंट गावी १४७५ मध्ये सायमन नावाचं एक तान्हं-रांगतं वय ओलांडलेलं मूल मेलेलं सापडलं. तिथल्या ज्यूंचा छळ करून कबुल्या घेतल्या गेल्या, त्यांना ठार मारलं गेलं आणि त्या मुलाची संत म्हणून पूजा सुरू झाली. छापखाना तेव्हा नवा होता. चित्रांसकट ही गोष्ट गावोगाव गेली. कॅथलिक चर्चने ती पूजा बंद केली १९६५ मध्ये. म्हणजे तुमच्या अण्णांच्या हयातीत.

आता कोकणाकडे बघा. अलिबाग, पेण, रोहा या भागात बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू, शेकडो वर्षं राहिले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर. घरात मराठी, मंगलकार्याला मालिदा. धर्म तोच, शनिवार तोच, रक्ताचा निषेधही तोच. पण कोकणातल्या शेजाऱ्यांनी त्यांच्यावर ना मुलांच्या रक्ताचा आळ घेतला, ना विहिरीत विष टाकल्याचा. तुमच्या शंकेचं माझ्या लेखी हेच सर्वांत मोठं उत्तर आहे. ज्यूंच्या वागण्यातूनच ही बोलणी उठत असती, तर ती अलिबागजवळच्या नवगावातही उठली असती. कोकणात ज्यू होते, ती गोष्ट सांगणारा थॉमस नव्हता.

विहिरींचा आळ युरोपात १३४८ मध्ये मोठ्या प्रमाणावर पसरला. प्लेगने माणसं पटापट मरत होती, कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. सॅव्हॉय प्रांतात काही ज्यूंना यातना देऊन वदवून घेतलं की, आम्ही पाण्यात विष मिसळलं. त्या जबान्यांच्या नकला शहरोशहरी धाडल्या गेल्या. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळलं. प्लेग अजून त्या शहरात पोहोचलाही नव्हता! जाळल्यानंतर ज्यूंकडून घेतलेली कर्जं रद्द झाली, गहाण वस्तू परत झाल्या, रोकड वाटून घेतली. हे श्रीमंत नसते आणि सरदारांवर यांचं कर्ज नसतं तर ते जळले नसते, असं त्याच भागातल्या इतिवृत्तकाराने लिहून ठेवलंय. पोप क्लेमेंट सहावा तेव्हाच जाहीर सांगत होता की, ज्यूही प्लेगने मरतायत आणि जिथे एकही ज्यू नाही तिथेही प्लेग आहेच. ऐकायला कुणी तयार नव्हतं.

या प्लेगवरून मला हाफकिनची आठवण येते, आणि कोरोनाचा विषय निघाला की तुम्हीही ती घरात काढा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ओडेसात जन्मलेला वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करायला बसला. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. हाफकिन ज्यू होता. ज्या रोगावरून त्याच्या पूर्वजांना जाळलं, त्या रोगाची लस त्याने आपल्या मुंबईत केली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली, तेव्हा ठपका त्याच्यावरच आला, काम गेलं, निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. तरी तो पुन्हा भारतात कामाला आला. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव घेताना हा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता अण्णांचा विषय, बँका.

मध्ययुगात चर्चने ख्रिस्ती माणसाला व्याज घ्यायला मनाई केली होती. ज्यूंना बहुतेक ठिकाणी जमीन नाही, कारागिरांच्या संघांत प्रवेश नाही. त्यामुळे काहीजण सावकारीत गेले. राजे त्यांच्यामार्फत पैसा उभा करत, त्यांच्यावर जबर कर लावत आणि लोक चिडले की त्यांनाच पुढे करत. १२९० मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तर सगळ्या ज्यूंना देशाबाहेरच काढलं. ‘पैसा म्हणजे ज्यू’ हे चित्र तिथलं. युरोपातले बहुसंख्य ज्यू पुढेही गरीबच राहिले, शिंपी, फेरीवाले, मोची. पण एकोणिसाव्या शतकात रॉथशिल्ड हे एक घराणं खरोखर मोठं झालं आणि सगळ्या गोष्टी त्याला येऊन चिकटल्या. अण्णांच्या व्हिडिओत वॉटर्लूची कहाणी असणारच : १८१५ मध्ये नेथन रॉथशिल्ड रणांगणावर हजर होता, नेपोलियन हरल्याचं पाहून तो वादळातून समुद्र ओलांडून लंडनला आला आणि बाजारात अब्जावधी कमावले. ही कहाणी पसरली ती १८४६ मध्ये पॅरिसला निघालेल्या एका पत्रकातून. लेखकाने सही केली होती ‘सैतान’. लढाईला तीस वर्षं उलटली होती, नेथन मरून दहा. लढाई झाली त्या दिवशी तो लंडनमध्येच होता. पुढे नाझींनी याच कहाणीवर १९४० मध्ये सिनेमा काढला.

आणि सगळ्या देशांच्या मध्यवर्ती बँका त्या घराण्याच्या आहेत, याचं उत्तर तर अण्णांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. रिझर्व्ह बँक १ जानेवारी १९४९ पासून सरकारच्या मालकीची आहे, गव्हर्नर केंद्र सरकार नेमतं. नोकरीची सगळी वर्षं ज्या बँकेची परिपत्रकं त्यांनी पाळली, ती कुणाची हे त्यांना माहीत नसेल का?

या सगळ्या गोष्टी एका धाग्यात ओवणारा कागद म्हणजे ‘प्रोटोकॉल्स’. ज्यू पुढारी गुपचूप जमले आणि जग ताब्यात घ्यायचा बेत केला, त्या बैठकांचं म्हणे हे इतिवृत्त. ‘ते बँका चालवतात, वर्तमानपत्रं चालवतात, युद्धं लावतात’ हे आज जे जे फिरतं, त्यातलं बरंचसं इथून आलंय. हा कागद १९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या ‘झ्नाम्या’ या वर्तमानपत्रात प्रथम छापून आला. मालक पावेल क्रुशेवान. याच माणसाचं किशिनेव शहरात दुसरं वर्तमानपत्र होतं आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यात एका मुलाच्या खुनावरून ज्यूंवर रक्ताचा आळ छापला जात होता. त्या मुलाला मारलं होतं त्याच्याच नातेवाइकाने. पण ईस्टरच्या दिवसांत किशिनेवमध्ये दंगल पेटली आणि ४९ ज्यू मारले गेले. तेव्हा नॉरिचची गोष्ट आणि बँकांची गोष्ट वेगळ्या नाहीत, ताई. दोन्ही एकाच माणसाने एकाच वर्षी छापल्या.

१९१७ च्या क्रांतीनंतर रशियातून पळालेल्या लोकांनी हा कागद जर्मनीत नेला. अमेरिकेत मोटारवाल्या हेन्री फोर्डने १९२० पासून आपल्या वर्तमानपत्रात त्यावर लेखमाला चालवली. १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार फिलिप ग्रेव्ह्ज याला कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका रशियन निर्वासिताने एक जुनं फ्रेंच पुस्तक दिलं. मोरिस जोली नावाच्या वकिलाने १८६४ मध्ये फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यावर टीका करायला लिहिलेलं. त्यात मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू हे दोन जुने राजकीय विचारवंत नरकात बसून राजकारणावर बोलतात. ज्यूंच्या कटाचा त्यात मागमूसही नाही. ‘प्रोटोकॉल्स’चे उतारेच्या उतारे या पुस्तकातून उचललेले निघाले. जोलीचा मॅकियाव्हेली एका ठिकाणी म्हणतो की, माझ्या वर्तमानपत्रांना विष्णूसारखे शंभर हात असतील. आपल्या देव्हाऱ्यातला विष्णू चतुर्भुज आहे. पण पॅरिसच्या वकिलाने शंभर लिहिले आणि ज्यूंचं म्हणून सांगितलेल्या त्या ‘गुप्त इतिवृत्ता’तही विष्णूला तेच शंभर हात आहेत. परीक्षेत कॉपी पकडणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला याहून जास्त पुरावा लागणार नाही.

हे उघड झाल्यावर ‘टाइम्स’ने ते तीन दिवस छापलं. १९२७ मध्ये फोर्डने माफी मागितली. १९३५ मध्ये बर्नच्या न्यायालयाने कागद बनावट ठरवला. तरी तो थांबला नाही, कारण हिटलरने १९२५ मध्येच एक पळवाट काढून ठेवली होती : ज्यूंची वर्तमानपत्रं याला खोटं म्हणतात, हाच तो खरा असल्याचा पुरावा. हे नीट लक्षात घ्या. कारण तुमच्या घरातल्या ताटावर हेच होणार आहे. तुम्ही बातमी दाखवाल, अण्णा म्हणतील, बातम्या त्यांच्याच. पुस्तक दाखवाल, म्हणतील, प्रकाशक त्यांचेच.

म्हणून मी वर लिहिलेलं सगळं अण्णांना ऐकवायला जाऊ नका. हे तुमच्यासाठी आहे, तुमचे पाय घट्ट राहावेत म्हणून. घरच्या ग्रुपवर तर एक अक्षरही उत्तर देऊ नका. चार नातेवाइकांसमोर सुनेने खोडून काढलं की, माणूस विचार सोडतो आणि आपला मान सांभाळत बसतो.

अण्णांच्या पैशांविषयी तुम्ही एका वाक्यात लिहिलंय. मला सगळं पत्र त्या वाक्याभोवती फिरताना दिसतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाची कागदपत्रं तपासली, त्याचीच पुंजी ओळखीच्या माणसांनी चालवलेल्या पतसंस्थेत बुडाली. पैशापेक्षा यातली शरम मोठी असते. कोपऱ्यावरच्या संचालकाने आपल्याला फसवलं, हे गिळणं फार कठीण. सगळं जग चालवणाऱ्या घराण्याने फसवलं म्हटलं की, निदान आपण बावळट ठरत नाही. या विषयावर अण्णांशी घरात कुणी मोकळेपणाने बोललंय का? बहुधा नसेल, त्यांना वाईट वाटेल म्हणून. एखाद्या दुपारी चहा घेऊन बसा आणि विचारा, अण्णा, त्या पतसंस्थेचं नेमकं काय झालं? मग मध्ये न बोलता ऐका. ज्यूंचा विषय त्या दिवशी काढूच नका.

नंतर कधीतरी त्यांनी पाठवलेला एकच मेसेज घ्या. कोणता तेही त्यांनाच निवडू द्या. “अण्णा, हा तुमच्या पद्धतीने तपासू या? मूळ कागद कुठला, सही कुणाची, तारीख कधीची?” खोटं आहे असं म्हणू नका. तपासायला सांगा. ते त्यांचं काम आहे, त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. वॉटर्लूचा मेसेज निघाला तर शोधता शोधता ‘सैतान’ या सहीपर्यंत ते स्वतःच पोहोचतील. एका बैठकीत मत बदलेल अशी आशा धरू नका. पुढचा फॉरवर्ड पाठवण्याआधी त्यांचं बोट क्षणभर थांबलं तरी पुष्कळ झालं.

बोलण्यात गाझाचा विषय येईल. इस्रायल सरकारच्या वागण्यावर अण्णांना संताप असेल, तर तो त्यांचा हक्क आहे, तिथे वाद घालू नका. एखाद्या सरकारने केलेल्या कृत्याला नावं ठेवणं वेगळं आणि ‘ती जातच तशी, सगळं जग त्यांच्या मुठीत’ म्हणणं वेगळं. हमासच्या १९८८ च्या सनदेत त्याच बनावट ‘प्रोटोकॉल्स’चा हवाला आहे, म्हणजे खरं दुःख असलेल्या माणसांच्या हातातही हा कागद कसा जातो ते दिसतं.

तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या. कुणाचं काय बिघडतंय, असं ते विचारतात. १९२२ मध्ये जर्मनीचे परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ यांना बर्लिनच्या रस्त्यात गोळ्या घातल्या, तेव्हा खटल्यात एका आरोपीने सांगितलं की, राथेनाऊ त्या गुप्त ज्यू पुढाऱ्यांपैकी एक होते. त्याने ते वाचलं होतं. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या प्रार्थनामंदिरात ११ माणसं मारणाऱ्याला वाटत होतं की, देशात परके लोंढे ज्यू आणतायत. २००८ मध्ये मुंबईवर चालून आलेल्यांनी ताज-ओबेरॉयसोबत कुलाब्याच्या गल्लीतलं नरिमन हाऊस हे ज्यू केंद्र मुद्दाम हेरलं, तिथले रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू आणि त्यांच्या पत्नीला मारलं. आपल्याकडे ज्यू आहेतच किती, हे त्या मारेकऱ्यांना आड आलं नाही. आणि मुलं पळवणाऱ्या टोळीचा नुसता एक मेसेज काय करतो, हे आपण धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला बघितलंय. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण जमावाने ठेचून मारले. तो मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला वाटलं असेल की, आपल्या एका फॉरवर्डने काय बिघडतंय.

आजोबांशी बोलायचं काम एकट्या सुनेवर टाकू नका, हेही त्यांना सांगा. एक वाक्य मुलानेच वडिलांना सांगायला हवं आणि ते स्पष्ट सांगायला हवं : “अण्णा, तुमची मतं तुमची, पण नातवासमोर या विषयावर बोलायचं नाही.” याला आदराचा अडसर आणू नये.

मुलाला रागावू नका. त्याने ते वाक्य कुठे ऐकलं ते विचारा. अण्णांकडून सगळं आलं असेल असं नाही, मोबाइलवरच्या रील्समध्ये हिटलरचं कौतुक उदंड असतं. मग त्याच्यासोबत बसून आकडे बघा. नाझींनी ६० लाख ज्यू मारले, त्यात सुमारे १५ लाख मुलं होती. त्यातली बरीच त्याच्याहून लहान. त्यांच्यापैकी कुणी कोणती बँक चालवली होती, एवढं त्याला विचारा आणि उत्तराची घाई करू नका. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मनीसाठी लढले, १२ हजार कामी आले. तरी ज्यू आघाडीवर जात नाहीत असा संशय घेऊन जर्मन सैन्याने १९१६ मध्ये त्यांची शिरगणती केली आणि निकाल छापलाच नाही. नववीतल्या मुलाला यातला अन्याय चटकन कळतो. त्याच्याशी बोलायला अण्णा सुधारायची वाट बघू नका, या आठवड्यातच बोला.

राहिली पतसंस्था. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं ठेव विम्याचं संरक्षण नसतं, हे अण्णांना माहीत असेलच, आणि कदाचित म्हणूनच त्यांनी आशा सोडली असेल. पण सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, त्याखाली संचालकांच्या मालमत्तेवर टाच येऊ शकते. वकिलाला एकदा विचारून घ्या. बुडालेल्या इतर ठेवीदारांना शोधा. त्यांच्यात पावत्या कशा लावायच्या, अर्ज कसा लिहायचा, हे न कळणारे पुष्कळ असतील आणि त्यांना अण्णांसारख्या माणसाची गरज आहे. रात्री व्हिडिओ बघणारा माणूस दिवसा दहा जणांच्या फाइली लावायला लागला, तर त्याला खऱ्या चोरांची नावं त्या फाइलींतच सापडतील. काय होतं ते मला जरूर कळवा.